स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं दुखणं : बधिर करायची सुई कुठे देतात, कोणती बरी?

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. एक बाजू पूर्ण काढली, बगलेतल्या गाठीही काढल्या. दुपारी दीडला थिएटरमधून बाहेर आणलं आणि चारच्या सुमारास तिचं कण्हणं सुरू झालं, ते पहाटेपर्यंत थांबलं नाही. शेजारच्या कॉटवर तिच्याच वयाची, त्याच दिवशी तेच ऑपरेशन झालेली एक बाई होती. ती संध्याकाळी उशीला टेकून बसली, सुनेच्या हातून अर्धा कप चहा प्याली आणि झोपली. वहिनीनं मला विचारलं, "भाऊजी, तिला काय येगळं दिलं वो?" मला काही सांगता आलं नाही. सकाळी राउंडला आलेल्या शिकाऊ डॉक्टरनं सांगितलं की त्या बाईला भुलीबरोबर 'ब्लॉक' दिला होता, वहिनीला दिलेला नव्हता. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि असं काही विचारायचं असतं हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

मी डॉक्टर नाही. बारावी झालेला शेतकरी आहे, पोर्टलसाठी बातम्या देतो. पण तेव्हापासून ज्या ज्या भूलतज्ज्ञांशी गाठ पडली त्यांना विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे कळलं ते इथं मांडतो आहे. औषध ठरवायचं काम डॉक्टरांचंच. पण आपल्या घरच्या बाईला थिएटरमध्ये नेण्याआधी काय विचारायचं एवढं तरी आपल्याला कळावं.

हा विषय कुणा एका घरचा नाही. भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी आपल्याकडे बार्शीत १९८७ साली सुरू झाली, म्हणजे खेड्यातल्या बायकांनाही हा आजार होतो हे आपल्या भागाला कुणी नव्यानं सांगायला नको. गावाकडची बाई गाठ लपवते, उशिरा येते. त्यामुळे नुसती गाठ काढून भागत नाही, पूर्ण स्तन आणि बगल साफ करावी लागते. जखम मोठी झाली की दुखणंही मोठं.

दुखतं ते कुठून?

आधी एक घोळ मिटवू. आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो आणि संवेदना नेणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. इथं नस म्हणजे दुसरी, दुखलं-खुपलं मेंदूला कळवणारी.

छातीच्या नसा पाठीच्या कण्यातून निघतात. प्रत्येक मणक्यापासून डावीकडे एक, उजवीकडे एक. तिथून त्या बरगडीच्या खालून वळसा घालत पुढे येतात, वाटेत बगलेच्या बाजूला एक फांदी सोडतात आणि छातीच्या मधल्या हाडाजवळ दुसरी. स्तनाला लागतात त्या मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या बरगडीच्या नसा. ठिबक केलेल्या माणसाला हे लगेच समजेल. कणा म्हणजे मेन लाईन, बरगडीखालची नस म्हणजे लॅटरल, आणि कातडीत उघडणारी टोकं म्हणजे ड्रिपर. पाणी बंद करायचं तर व्हॉल्व्ह कुठे फिरवायचा, एवढाच सगळ्या ब्लॉकमधला फरक आहे.

पण या शेताला पाणी एकाच लाईनीतून येत नाही, तिथंच खरी अडचण होते. छातीच्या स्नायूंना जाणाऱ्या नसा मानेतून, हाताच्या नसांच्या जुडग्यातून येतात. गळ्याच्या हाडाखालच्या कातडीची नस तर मानेतून वेगळीच उतरते. आणि बगलेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक नस आहे, ती बगल साफ करताना ताणली जाते, कधी कापावीही लागते. म्हणून एकाच सुईनं सगळं शंभर टक्के बधिर होईल असं कुणी सांगितलं तर जरा थांबून विचारा.

पाठीकडची सुई : पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक

हा सगळ्यात जुना. १९०५ साली जर्मनीतल्या ह्यूगो सेलहाइम यांनी पहिल्यांदा वापरला, मधे मागे पडला आणि १९७९ नंतर पुन्हा चालू झाला. मणक्याच्या अगदी शेजारी, नस बाहेर पडते त्या पोकळीत औषध सोडतात. म्हणजे लॅटरल जिथून निघते तिथंच व्हॉल्व्ह बंद. फक्त ऑपरेशनची बाजू बधिर होते.

"पाठीत सुई" म्हटलं की आपल्या बायका हात झटकतात. "बाळंतपणात कंबरेत सुई घेतली, तवापासनं कंबर धरलीया, आता नगं" हे प्रत्येक वाडीवर ऐकायला मिळतं. सांगायचं असं की ही ती सुई नाही. बाळंतपणाच्या सिझेरियनला देतात ती सुई कंबरेत, मधोमध, कण्याच्या आतल्या पाण्यात जाते आणि दोन्ही पाय जड पडतात. पॅराव्हर्टिब्रलची सुई छातीच्या उंचीवर, मधल्या रेषेपासून थोडी बाजूला, कण्याच्या बाहेर असते. पाय हलतात, बाई उठू शकते.

धोका कशाचा? या पोकळीच्या लगेच पुढे फुप्फुसाचं आवरण असतं. सुई थोडी जास्त गेली तर आवरणाला छिद्र पडून हवा भरू शकते. सोनोग्राफीत बघून, अनुभवी हातानं दिली तर हे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे, पण शून्य नाही. कधी बीपी उतरतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टर ही जागा टाळायचं बघतात, कारण एवढ्या खोलवर रक्त साचलं तर वरून दाबून थांबवता येत नाही.

पुढची सुई : पेक्स आणि सेरेटस

स्पेनचे भूलतज्ज्ञ राफाएल ब्लँको यांनी २०११ साली पेक्स एक, २०१२ साली पेक्स दोन आणि २०१३ साली सेरेटस ब्लॉक मांडला. पाठीला हातच लावायचा नाही, बाई उताणी झोपलेली असतानाच पुढून द्यायचा.

छातीवर दोन स्नायू एकावर एक असतात, मोठा आणि त्याखाली छोटा. या दोघांच्या मधल्या पापुद्र्यात औषध सोडलं की तो पेक्स एक. त्यानं स्नायूंच्या नसा बधिर होतात, कातडी नाही. पेक्स दोनमध्ये याच्या जोडीला आणखी खाली, छोट्या स्नायूच्या आणि बरगडीवरच्या सेरेटस स्नायूच्या मधे तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या उंचीवर दुसरा डोस जातो. तो बरगड्यांच्या नसांच्या बाजूच्या फांद्या आणि बगलेतली ती दंडाकडे जाणारी नस धरतो. म्हणून बगल साफ करायची असेल तर पेक्स दोनला मान आहे. निव्वळ सेरेटस ब्लॉक थोडा अजून बाजूला, काखेच्या रेषेत देतात.

उणीव अशी की छातीच्या मधल्या हाडाकडची बाजू या सुईला नीट सापडत नाही. लॅटरलचं शेवटचं टोक चालूच राहतं. काही भूलतज्ज्ञ तिथं वेगळी छोटी सुई देतात. जमेची बाजू म्हणजे जागा फार खोल नाही, कण्यापासून लांब आहे, बीपी सहसा पडत नाही आणि वयस्कर, हृदयाचा त्रास असलेल्या बाईलाही सोसते.

पाझर पद्धत : ईएसपी

ही सगळ्यात नवी, २०१६ सालची, कॅनडात काम करणाऱ्या मॉरिसिओ फोरेरो यांची. यातही सुई पाठीतच, पण मणक्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकावर टेकेपर्यंतच जाते. स्नायूखाली औषध सोडतात आणि ते पाझरत नसांपर्यंत पोचेल असा हिशेब. सुई हाडावर टेकत असल्यानं फुप्फुस लांब राहतं, शिकायला सोपी, म्हणून पाच-सात वर्षांत ती सगळीकडे पसरली.

पण पाझरच तो. चारीत सोडलेलं पाणी कधी बांधापलीकडे जातं, कधी जात नाही. मृतदेहांवर रंग सोडून पाहिलेल्या अभ्यासांत काहींना रंग पुढच्या नसांपर्यंत पोचलेला दिसला, काहींना नाही. बाईंच्या अनुभवातही हाच फरक पडतो, एकीला छान लागू पडते, दुसरीला अर्धवट.

याशिवाय सर्जन स्वतः टाके घालताना जखमेच्या कडेला बधिर करायचं औषध टोचतात. ते काही तासच टिकतं, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं. एपिड्यूरलची नळी या ऑपरेशनला आता फारशी वापरत नाहीत. एका बाजूच्या कामासाठी दोन्ही बाजूंचं पाणी तोडल्यासारखं होतं ते.

मग बरी कोणती?

ब्लॉक दिलेला आणि न दिलेला यात फरक मोठा आहे. वेगवेगळ्या ब्लॉकमधला आपसातला फरक लहान आहे. वरच्यापैकी कुठलाही ब्लॉक नीट बसला तर पहिल्या दिवसाचं दुखणं कमी होतं, मॉर्फिनसारखी जड औषधं कमी लागतात, त्यामुळे उलट्या आणि गुंगीही कमी. पॅराव्हर्टिब्रल आणि पेक्स दोन यांची तुलना बऱ्याच अभ्यासांत झाली आहे. पहिल्या २४ तासांत दोन्ही जवळजवळ सारखेच उतरतात. ईएसपी ही काही न देण्यापेक्षा नक्की सरस, पण पेक्स दोनच्या शेजारी ठेवली तर थोडी मागे पडते, पेक्सवाल्यांना मॉर्फिन कमी लागतं असं दिसलं आहे.

युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या 'प्रॉस्पेक्ट' गटानं २०२० साली या ऑपरेशनसाठी शिफारशी दिल्या. मोठ्या ऑपरेशनला पहिली पसंती पॅराव्हर्टिब्रल, ते जमत नसेल तर पेक्स, जोडीला जखमेत औषध टोचता येईल. आणि या सगळ्यांखाली पाया म्हणून पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी वेदनाशामक गोळी, ठरलेल्या वेळी. (किडनीचा, अल्सरचा त्रास असेल तर ही दुसरी गोळी डॉक्टर वगळतात.)

माझं स्वतःचं मत विचाराल तर, आपल्या तालुक्याच्या-जिल्ह्याच्या ठिकाणी जो ब्लॉक तिथल्या भूलतज्ज्ञाच्या हातात रोजचा बसलेला आहे तोच बरा. पुस्तकात पहिला नंबर असलेला पण वर्षातून दोनदा दिलेला पॅराव्हर्टिब्रल, आणि आठवड्याला चार दिलेला पेक्स, यात मी माझ्या वहिनीसाठी दुसरा निवडला असता. एका डॉक्टरांनी मला हेच सांगितलं, फक्त जरा सभ्य भाषेत.

ब्लॉकमुळे कॅन्सर परत येत नाही म्हणे, खरं का?

व्हॉट्सअ‍ॅपवर असं फिरतं म्हणून लिहितो. हा प्रश्न मोठ्या अभ्यासात तपासला गेला. २१३२ बायका, निम्म्यांना पॅराव्हर्टिब्रलसारखी सुई आणि हलकी भूल, निम्म्यांना नेहमीची गॅसची भूल आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं. २०१९ साली निकाल आला, दोन्हीकडे कॅन्सर परत यायचं प्रमाण सारखंच, दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ब्लॉक घ्यायचा तो दुखण्यासाठी, कॅन्सरसाठी नाही.

गंमत अशी की याच्याशी मिळतंजुळतं पण वेगळं काम आपल्या मुंबईत झालं. परळच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अनेक केंद्रांत सुमारे १६०० बायकांवर अभ्यास केला. गाठ काढायच्या काही मिनिटं आधी गाठीच्या चहूबाजूंनी लिग्नोकेन टोचायचं, एवढंच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण टोचलेल्या गटात ९०.१ टक्के आणि न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के होतं. औषध तेच बधिर करणारं, स्वस्तातलं. पण ही सुई दुखणं थांबवायला नसते आणि ती ब्लॉकची जागाही घेत नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नका. सर्जनना दोन्हीबद्दल वेगवेगळं विचारा.

सोनोग्राफी मशीनची भानगड

ब्लॉक देताना भूलतज्ज्ञ सोनोग्राफीत बघून सुई घालतात. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की गर्भलिंग तपासणीचा कायदा आला. प्रत्येक मशीनची नोंद लागते, ती ठरलेल्या जागीच वापरायची, भूलतज्ज्ञाला मशीन गाडीत टाकून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेता येत नाही. मुली वाचवायला हा कायदा हवाच, याबद्दल दुमत नाही. पण त्याचा एक परिणाम असा की बऱ्याच छोट्या हॉस्पिटलांत थिएटरमध्ये मशीन नसते आणि मग ब्लॉकही नसतो.

अशा ठिकाणी एक मार्ग उरतो, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. ऑपरेशन चालू असताना छातीचे स्नायू सर्जनच्या डोळ्यांसमोर उघडेच असतात. टाके घालण्याआधी सर्जन स्वतः बघून पेक्सच्या किंवा सेरेटसच्या जागी औषध सोडू शकतात. मशीन लागत नाही, वेळ पाच-दहा मिनिटं. "टाके घालण्याआधी तुम्ही आतून बधिरचं औषध सोडणार का?" एवढा एक प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत.

वजन काट्यावर करा

बधिर करायचं औषध जास्त झालं तर विषारी ठरतं. बुपिव्हॅकेन हे नेहमीचं औषध, त्याची मर्यादा साधारण किलोमागे २ मिलिग्रॅम. आता हिशेब करा. ५५ किलोच्या बाईला ११० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या पाव टक्के ताकदीचं ४४ मिली. पण आपल्या शेतात राबणाऱ्या, केमोनं खंगलेल्या बायका कित्येकदा ४० किलोच्या असतात. त्यांना ८० मिलिग्रॅम, म्हणजे ३२ मिली. पेक्स दोनलाच ३० मिलीच्या आसपास औषध जातं. वर सर्जननं जखमेत टोचायचं असेल तर सगळं मिळून मोजावं लागतं. म्हणून फॉर्मवर "वजन अंदाजे ५०" असं लिहू देऊ नका, काट्यावर उभं करा.

औषध रक्तात जास्त गेलं की तोंडाभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, बडबड, मग झटके असं होऊ शकतं. बाई भुलीत असेल तर हे सांगू शकत नाही, मॉनिटरवरच कळतं. यावर उतारा म्हणून शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण असतं, लिपिड इमल्शन नावाचं. ते थिएटरमध्ये ठेवलेलं असतं का, हेही विचारायला हरकत नाही.

भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात तेव्हा बायका लाजून अर्धं सांगत नाहीत. मिश्री लावत असेल, तंबाखू खात असेल, दमा असेल, पूर्वी दातांच्या डॉक्टरकडे बधिरच्या सुईनं त्रास झाला असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, सगळं सांगायचं. ती गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टर तारीख देतील तेव्हाच. पाठीला, काखेत कुठे फोड, पू असेल तर तेही दाखवा, त्या जागेतून सुई घालत नाहीत.

पहिली रात्र आणि पुढचे महिने

एका वेळच्या सुईचा परिणाम बहुधा आठ ते बारा तास राहतो, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत. जोडीला डेक्सामिथासोन दिलं तर थोडा लांबतो. इथं नातेवाइकांची एक चूक होते. संध्याकाळी बाई म्हणते, "मला काय दुखंना", म्हणून आपण गोळी देत नाही. मग रात्री दोनला ब्लॉक एकदम उतरतो आणि तेव्हा दिलेली गोळी लागू पडायला तास जातो. दुखत नसतानाच ठरल्या वेळी गोळी द्यायची. बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, भाजलेलं कळत नाही. धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, ओठ निळसर वाटले तर नर्सला लगेच बोलवा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

महिने उलटले तरी काही बायकांचं दुखणं राहतं, हे आधीच सांगितलेलं बरं. वर सांगितलेल्या २१३२ बायकांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी निम्म्या बायकांना जखमेच्या जागी काही ना काही दुखत होतं, वर्षानं चारात एकीला, आणि त्यात ब्लॉक घेतलेल्या-न घेतलेल्या असा फरक निघाला नाही. आधीच्या लहान अभ्यासांत फायदा दिसला होता, म्हणून या मुद्द्यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा, जळजळ, लाईटचा शॉक बसल्यासारखी कळ असेल तर ते नसेचं दुखणं. त्याला साध्या पेनकिलरचा उपयोग कमी होतो. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायची, कारण त्यानं झोप-चक्कर येते आणि डोस हळूहळू वाढवावा लागतो. हात सुजला, लाल झाला, ताप आला तर मात्र ते नसेचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वहिनीच्या दंडाला आजही मुंग्या येतात. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून पहिले दहा दिवस तिनं हात हलवला नाही, खांदा आखडला, तो सुटायला तीन महिने भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करावा लागला. शेजारच्या कॉटवरची बाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हातानं वेणी घालत होती. तिला कुठला ब्लॉक दिला होता, पाठीतला की पुढचा, ते विचारायचं तेव्हा सुचलं नाही. गेल्या महिन्यात वहिनीच्या माहेरच्या एकीचं तेच ऑपरेशन ठरलं. वहिनीनं तिला फोनवर पहिलं सांगितलं ते हे, "आधी काट्यावर वजन कर, आन् भुलीच्या डॉक्टरला ब्लॉकचं इच्यार."